दोन विमानांच्या मधली दुपार

उत्तमरावांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि शेजारच्या दोन खुर्च्यांवर पसरून टाकला. सेनगावच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून सीटवर टाकतात, अगदी तसाच. वारा नव्हता, तरी त्याच्या एका टोकावर त्यांनी पाण्याची बाटली ठेवली आणि स्वतः राखणीला उभे राहिले.

"आवो, बसा की," द्वारकाबाई म्हणाल्या. "हितं कोन जागा धरून राहिलं? आख्खी रांग मोकळी हाय."

"आता हाय. गर्दी झाली मंग?"

"झाली तर झाली. इमान काय तुमाला सोडून जानार हाय का? टिकिटावर नंबर हाय. शिवशंकरनं किती बार सांगितलं."

उत्तमराव काही बसले नाहीत. समोरच्या मोठ्या काचेपलीकडे विमानं उभी होती, त्यांच्याभोवती पिवळ्या जाकिटातली माणसं हिंडत होती. ते तिकडे पाहत राहिले.

तिकिटं पुतण्या शिवशंकरनं काढली होती. सकाळी नांदेडहून हैदराबाद, आणि संध्याकाळी हैदराबादहून बेंगळुरू. मधला सगळा दिवस नुसता बसून काढायचा. दिवाळीच्या तोंडावर यापेक्षा बरं काही मिळालंच नाही, असं तो म्हणाला. "काकू, थंडगार बसायचं, मान्सं पाहायची, टाइम जातो," असंही म्हणाला. त्या पोराचा टाइम हातात मोबाइल असला की जातोच. या दोघांनी मात्र दुपार व्हायच्या आत विमानतळावरचं पाहण्यासारखं सगळं पाहून संपवलं होतं. सरकता जिना पाहिला आणि त्याला दुरूनच हात जोडून साध्या जिन्यानं वर आले. हात पुढे केला की नळाला आपोआप पाणी येतं, हे दोघांनीही आपापल्या बाजूला जाऊन दोनदोनदा पाहिलं. आता पुढे फक्त बसणं उरलं होतं.

द्वारकाबाईंच्या पायाशी फराळाची पिशवी होती. तिच्यात त्यांच्या हातचं काहीच नव्हतं. वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलं असेल तर पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही. भावकीलाही दुखवटा असतो. मग शेजारपाजारच्या बायाच फराळ करून आणून देतात, आणि तो खाऊन सण काढायचा असतो. गोरेगावच्या गल्लीनं यंदा दोन घरांचा फराळ दिला होता, एक द्वारकाबाईंच्या घरचा आणि एक बेंगळुरूला सुनेच्या घरचा. करंज्या शेजारच्या भिकाबाईनं दिल्या होत्या आणि देताना ती इतकी रडली की द्वारकाबाईंनाच तिला पाणी द्यावं लागलं.

सोमेश्वर चैत्रात गेला. एकुलता एक पोरगा. ऑफिसातून मोटारसायकलवर घरी येताना मागून ट्रकनं उडवलं. फोन आला तेव्हा उत्तमराव अंगणात शिजवलेली हळद पसरत होते. भावकी जमली. कोणी जीप करू म्हणालं, कोणी रेल्वे म्हणालं. शेवटी पूर्ण्याहून रेल्वे धरली आणि ती रेल्वे मध्येच एका माळावर अर्धा दिवस उभी राहिली. तिकडे पूनमनं आणि तिच्या भावानं जमेल तितकी वाट पाहिली. उन्हाळ्याचे दिवस, देहाची ती दशा. ही दोघं पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आईबापाला पोराचं तोंड पाहायला मिळालं नाही.

उत्तमराव त्या दिवशी पूनमच्या इमारतीखाली रिक्षातच बसून राहिले. द्वारकाबाई एकट्या वर गेल्या, सुनेला पोटाशी धरलं आणि अस्थी घेऊन खाली आल्या. दहाव्याला, तेराव्याला पूनम गोरेगावला आली, सुनेनं करायचं ते सगळं तिनं केलं. उत्तमराव तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. "ती थांबली न्हाई," एवढंच ते एकदा भावकीत म्हणाले. त्यानंतर त्यांच्या तोंडून ना सुनेचं नाव निघालं, ना पोराचं.

पूनमला मूलबाळ नव्हतं. वय लहान, नोकरी चांगली. उद्या तिनं पाठ फिरवली तर तिला कोण बोल लावणार होतं? द्वारकाबाईंना तर मुळीच लावायचा नव्हता. पण लग्नानंतरचा सोमेश्वर, तो सकाळी उठून काय बोलायचा, ताप आला की कसा चिडायचा, हे आता जगात एकट्या पूनमलाच ठाऊक होतं. ती दुरावली की पोरगं पुन्हा एकदा जाणार, असं द्वारकाबाईंना वाटे. म्हणून त्यांनी या दिवाळीचा हट्ट धरला होता. नवरा "बरं" म्हणाला होता. पण हा माणूस या वेळी तरी जिना चढेल का, सुनेशी बोलेल का, याची त्यांना खात्री नव्हती. तो बोलला नाही तर पूनमच्या दारातली ही शेवटची खेप, हे त्यांना पक्कं कळत होतं.

"यहाँ कोई बैठा है क्या?"

पांढरा कुर्ता, मेंदी लावलेली दाढी, हातात दोन जड पिशव्या असा एक माणूस टॉवेलाकडे बोट दाखवून विचारत होता.

"न्हाई न्हाई, बसा," उत्तमराव लाजून म्हणाले आणि टॉवेल ओढून मांडीवर घेत स्वतःही बसले.

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "न्हाई म्हनले का तुमी? तरीच! टॉवेल पाहिला तव्हाच वाटलं, हे आपल्याकडचं मानूस हाय. कोनतं गाव?"

"गोरेगाव. सेनगावचं."

"आरं व्वा! मी वारंगा फाट्याचा. खाजा मिया. फाट्यावर टायरचं दुकान हाय माझं, चाळीस वर्सं झाले. आता पोरगा बसतो, कामरान. तुमच्या गोरेगावच्या जिपा माझ्याकडंच येतात." खाजा मिया बसले, पिशव्या पायात घेतल्या आणि दम घेऊन पुढे सुरू झाले. धाकटी लेक मुन्नी बेंगळुरूला दिलेली, तिला दिवस गेलेले, जावई एकटाच, म्हणून आता वर्षातून तीन-चारदा हाच रस्ता. "आन् तुमी? तुमी कोनाकडं?"

द्वारकाबाईंनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी उत्तमराव बोलले.

"पोराकडं. दिवाळीला."

"व्वा. काय नाव पोराचं?"

"सोमेश्वर."

द्वारकाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी साधा होता, बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसाशी बोलताना असतो तसा. कितीतरी महिन्यांनी ते नाव त्यांनी घेतलं होतं, आणि घेतलं ते असं. यांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं द्वारकाबाईंना वाटून गेलं.

"लय हट्टी पोरगं," उत्तमराव सांगत होते. "बंगलोरला गेलं पन जवारी घरचीच लागती. आईकून भाकरी शिकून घेतली आन् बायकोला शिकवली. उलटंच काम."

खाजा मिया खदखदून हसले. "आमचा कामरान चहासुदिक करत न्हाई."

"ह्यो करतो. सम्दं करतो. पोळ्याला आला की बैलाला रंग त्योच देनार, गड्याला हात लावू देत न्हाई."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं होतं ते एकच, आणि ते उत्तमरावांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. द्वारकाबाई उठल्या आणि कोणाला काही न सांगता हात धुवायला निघून गेल्या. आरशासमोर उभं राहून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. त्यांना राग आला होता. इतके दिवस घरात त्या एकट्याच भिंतीशी बोलत होत्या, पोराचा विषय काढला की हा माणूस उठून शेतात जायचा, आणि आता वाटेवरच्या परक्या माणसापाशी याची जीभ मोकळी झाली. परत गेल्यावर सरळ सांगून टाकायचं, की भाई, आमचं पोरगं राहिलं न्हाई. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तसं ठरवूनच त्या बाहेर आल्या.

दुरून त्यांना उत्तमराव दिसले. ते हसत होते. दोन्ही हात पसरून बैलाची शिंगं केवढी होती ते खाजा मियांना दाखवत होते. द्वारकाबाईंची चाल आपोआप मंद झाली. येऊन त्या गुपचूप आपल्या जागेवर बसल्या.

"वैनी, फराळ भारी दिसून राहिला," खाजा मिया म्हणाले. "तुमच्या हातचा आसंल. पोराचं नशीब हाय."

"न्हाई. शेजारनीनं दिला."

"काहून? दिवाळीचा फराळ आन् शेजारनीचा?"

उत्तमरावांनी मान खाली घातली. टॉवेलाचं टोक ते बोटाला गुंडाळू लागले. सांगायचंच असेल तर हीच वेळ होती, आणि द्वारकाबाईंनी एक करंजी काढून खाजा मियांच्या हातावर ठेवली.

"हात दुखून राहिला माझा," त्या म्हणाल्या. "कढईपाशी बसवत न्हाई."

"आता सोमेश्वरच्या घरी बसा आरामात. सून करंल."

"करंल की," द्वारकाबाई म्हणाल्या.

मग दुपार बरी गेली, असंच म्हणायला हवं. खाजा मियांना बोलायला कोणी तरी हवंच होतं आणि उत्तमरावांकडे बोलण्यासारखं खूप साठलं होतं. सोमेश्वर विहिरीत पोहायला कसा शिकला, दहावीला असताना हिंगोलीला खोली करून राहिला तेव्हा रविवारी डबा न्यायला एसटीच्या टपावर बसून कसा यायचा, सगळं निघालं. काही गोष्टी द्वारकाबाईंनाही माहीत नव्हत्या. एकदा तर त्यांनीच मध्ये तोंड घालून, "टपावर न्हाई, मागच्या शिडीवर," अशी दुरुस्ती केली. ऊन कलून काचेतून खुर्च्यांवर आलं. माणसं येत होती, जात होती, आणि या तिघांच्यामध्ये एक पोरगं जिवंत होतं.

"आता हितून किती टाइम लागतो?" उत्तमरावांनी सहज विचारलं.

"बंगलोरला? सव्वा तास. बसलं की उतरलंच."

"सव्वा?"

"आज मधी हितं लटकलो म्हनून दिवस गेला. सकाळची जोडून फ्लाइट मिळाली तर नांदेडहून निघालेला मानूस जेवायला तिथं आसतो."

उत्तमरावांनी मांडीवरचा टॉवेल सारखा केला. "पन टिकिट लय आगुदर काढावं लागत आसंल. म्हैना-पंधरा दिवस."

"न्हाई हो! त्याच दिवशी मिळतं." खाजा मियांनी मांडी बदलली. "माझी थोरली बहीन बंगलोरलाच दिली व्हती. मागच्या साली तिचा इंतकाल झाला. फजरच्या नमाजाला उठलो आन् फोन आला. म्हनलं, संपलं. आमच्यात जास्त ठेवत न्हाईत, आपल्याला काय आता तोंड दिसत न्हाई. मी तर खाली बसलो. कामरान म्हनला, अब्बा, उठा, गाडीत बसा. रस्त्यानं जाता जाता त्यानं मोबाइलवर टिकिट काढलं. दुपारच्याला मी तिच्यापाशी. तोंड पाहिलं, माती दिली."

"तोंड पाहायला मिळालं," उत्तमराव म्हणाले.

"मिळालं. अल्लाची मेहरबानी. तेवढंच समाधान आसतं मान्साला, आन् काय."

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी की."

उत्तमराव उठले. टॉवेल मांडीवरून खाली पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ते चालत काचेपाशी गेले आणि तिच्यावर तळहात टेकवून, पाठ करून उभे राहिले.

द्वारकाबाईंना चैत्रातला तो दिवस जसाच्या तसा आठवला. अंगणभर हळद, उंबऱ्यापाशी ठेवलेला फोन, आणि त्यातून येणारा पूनमचा फाटलेला आवाज. "मामा, विमानानं या. माझा भाऊ तिकीट काढतो. तुम्ही फक्त नांदेडला पोचा." तिनं दोनदा सांगितलं होतं. उत्तमराव म्हणाले होते, "ते आमाला जमत न्हाई." आणि जमलेल्या भावकीनं माना डोलावल्या होत्या. कोणी म्हणालं, त्याला कागदं लागतात. कोणी म्हणालं, आपली रेल्वेच खात्रीची. विमान म्हणजे पोरांनी शेतात उभं राहून वर पाहायची वस्तू. आपल्या घरचं दुःख घेऊन त्यात बसता येतं, हे तिथं कोणाच्या मनालाच शिवलं नाही. द्वारकाबाई स्वतः दारात उभ्या होत्या आणि त्याही काही बोलल्या नव्हत्या. नंतर पूनमचं ते वाक्य सगळेच विसरले. ती थांबली नाही, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

वर कुठे तरी इंग्रजीत आणि मग हिंदीत सूचना झाली. खाजा मियांनी कपाळावर हात मारला.

"घ्या! लेट झाली. दोन तास आजून." तोवर उत्तमराव परत आले होते. त्यांचे डोळे लाल दिसत होते, पण खाजा मियांचं लक्ष सूचनेकडे होतं. "पोराला फोन करा आदी. त्यो बिचारा घ्यायला येऊन ताटकळत बसंल."

उत्तमरावांनी खिशातून फोन काढला आणि तो तसाच हातात धरून ते उभे राहिले. बोट काही खाली येईना.

"आना हिकडं. मी लावून देतो." खाजा मियांनी फोन घेतला. आपल्याकडे वयाच्या माणसाला फोन लावून देणं हा उपकार धरत नाहीत, कोणीही करतो. "हे काय, सोमेश्वर. फोटो बी हाय. देखना हाय की पोरगा."

"भाई, राहू द्या," द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या. पण घंटी वाजू लागली होती. तो नंबर आता पूनमपाशी असायचा, हे त्यांना ठाऊक होतं. सोमेश्वरचे बँकेचे, ऑफिसचे निरोप त्यावर येत म्हणून तिनं तो बंद केला नव्हता. खाजा मियांनी, मोकळ्या मनाची माणसं करतात तसा, स्पीकर चालू केला.

"हॅलो?" पूनमचा आवाज आला. "हॅलो, मामा?"

"सूनबाई का? मी खाजा मिया बोलून राहिलो, वारंगा फाट्याचा. तुमच्या सासू-सासऱ्यासंगं बसलो हैदराबादला. फ्लाइट लेट हाय. सोमेश्वरला जरा सांगता का, लवकर येऊन बसू नको म्हनावं. हे दोघं बराबर हायेत, मी हाय संगं."

द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. आता पोरगी काय म्हणेल? रडेल, की विचारेल, हे काय चाललंय? की फोनच ठेवून देईल? तिनं ठेवला असता तरी तिचं काही चुकलं नसतं.

"बरं," पूनम म्हणाली. "सांगते मी त्यांना."

"शाबास. घ्या, तुमच्या मामाशी बोला." खाजा मियांनी फोन उत्तमरावांच्या हातात दिला.

उत्तमरावांनी तो दोन्ही हातांत धरला.

"पूनम."

"हां मामा."

"तू म्हनली व्हतीस. इमानानं या म्हनून."

"हो मामा."

"सव्वा तास लागतो म्हनं हितून."

पूनम रडत होती. तिनं फोन तोंडापासून दूर धरला असावा, तरी ते लपत नव्हतं. उत्तमराव फोनकडे पाहत तसेच थांबून राहिले, तिला पुरेसा वेळ देऊन.

"तुम्ही जेवलात का मामा?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "आत्या जेवल्या का?"

"न्हाई आजून. जेवतो."

"जेवा. मी येते घ्यायला."

"ये," उत्तमराव म्हणाले.

फोन बंद झाला तसे उत्तमराव खुर्चीच्या कडेला बसले. खाजा मियांना हे सासरा-सुनेचं बोलणं फार गोड वाटलं होतं. "पाहा, सूनबाई आदीच सांगत व्हती इमानानं या म्हनून, आन् तुमी ऐकत नव्हते. सुनांचं ऐकावं मानसानं." ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. "पन ती काहून येऊन राहिली? सोमेश्वर न्हाई येत का? दिवाळीतबी आफिस?"

द्वारकाबाईंना उत्तर देता आलं असतं. दुखऱ्या हाताचं दिलं तसंच हेही त्यांच्या ओठावर आलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

"न्हाई, खाजाभाई," उत्तमराव म्हणाले. "आमचं पोरगं चैत्रात वारलं. तिनं वाट पाहिली व्हती. मीच पोचलो न्हाई."

खाजा मियांचं हसू चेहऱ्यावरून जायलाही वेळ लागला. आपण मघाशी काय काय बोललो, बहिणीचं काय सांगितलं, हे त्यांना एकेक करून आठवत असावं. त्यांनी उत्तमरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

उत्तमराव खुर्चीत नीट टेकून बसले. जमिनीवर पडलेला टॉवेल उचलून त्यांनी हात पुसले.

"दशम्या सोड," ते द्वारकाबाईंना म्हणाले. "जेवून घेऊ. पूनमला सांगितलं मी, जेवतो म्हनून."